परतूरची परिषद आणि संन्यासी सरचिटणीस : स्वामी रामानंद तीर्थ यांनी वकिलांची संघटना लोकांची कशी केली?

जालन्याहून रेल्वेने परभणीकडे निघालं की सेलूच्या अलीकडे परतूर लागतं. आज परतूर म्हणजे जालना जिल्ह्यातला एक तालुका. १९३७ मध्ये जालना हा जिल्हाच नव्हता. जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं, परतूर परभणी जिल्ह्यात, आणि दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्याच वर्षी परतूरला एका नव्या संघटनेचं पहिलं अधिवेशन भरलं. तिचं नाव महाराष्ट्र परिषद.

अकरा वर्षांनी संस्थान भारतात विलीन झालं. तोवर या संघटनेतून घडलेल्या कार्यकर्त्यांनी मराठवाडा पिंजून काढला होता. परिषदेचं रूप बदलण्यात सर्वात मोठा वाटा होता तो एका शिक्षकाचा. हा माणूस आधी कामगार चळवळीत होता, मग खेड्यातल्या शाळेत मास्तर झाला, मग संन्यासी झाला आणि मग संघटनेचा सरचिटणीस. त्यांचं नाव स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजी म्हटलं की सत्याग्रह, तुरुंगवास आणि १७ सप्टेंबर आठवतो. पण त्यांच्या कामाचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. प्रतिष्ठितांच्या हातात असलेली, अर्ज-विनंत्यांवर चालणारी एक प्रादेशिक संघटना सामान्य माणसाची कशी होते, हे त्यांच्या आयुष्यातून नीट कळतं.

व्यंकटेश खेडगीकर ते कामगार कार्यकर्ता

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावचा. हा मराठी आणि कानडी मुलखाच्या सीमेवरचा भाग. शिक्षणाच्या निमित्ताने सोलापूरशी संबंध आला. ते शाळेत असतानाच १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. देशभरातल्या हजारो तरुणांप्रमाणे व्यंकटेशवरही त्या बातमीचा मोठा परिणाम झाला. आजन्म अविवाहित राहून देशसेवा करायची, असा निश्चय त्यांनी त्याच काळात केला.

पाठोपाठ गांधीजींची असहकार चळवळ आली. सरकारी शाळा सोडून तरुण राष्ट्रीय शाळांकडे वळू लागले. व्यंकटेश खानदेशात अमळनेरला शिकले आणि पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठातून त्यांनी पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लोकशाहीचा विकास. ज्या माणसाला पुढे निरंकुश राजवटीशी झुंजायचं होतं, त्याने विशीतच हा विषय निवडला होता.

शिक्षण झाल्यावर ते ना. म. जोशी यांच्याकडे काम करू लागले. नारायण मल्हार जोशी हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं असं तिचं काम चाले. १९२० मध्ये आयटक ही देशातली पहिली अखिल भारतीय कामगार संघटना उभी राहिली, त्यात जोशींचा पुढाकार होता आणि पुढे वर्षानुवर्षं ते तिचे सरचिटणीस होते. मध्यवर्ती कायदेमंडळातही ते कामगारांचे प्रतिनिधी होते.

व्यंकटेश खेडगीकर अशा माणसाचे खासगी सचिव झाले. जोशींची पद्धत भाषणबाजीची नव्हती. संघटना चालवायची तर सभासदांची यादी लागते, वर्गणीचा हिशेब लागतो, ठराव नेमक्या शब्दांत लिहावा लागतो आणि तो पोचवायचा कुठे हे माहीत असावं लागतं. समाजसेवा ही दयेची नव्हे तर शिस्तीची गोष्ट आहे, हे तिथे रोज दिसत होतं. त्या काळी आपल्याकडे समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण नव्हतंच. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पहिली पदव्युत्तर संस्था निघाली ती १९३६ मध्ये, म्हणजे परतूरच्या परिषदेच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्याआधीच्या पिढीने हे काम अशा अनुभवी माणसांच्या हाताखालीच शिकलं.

हिप्परग्याचे मास्तर

पुढे प्रकृती ढासळली आणि धावपळीचं काम थांबलं. १९२९ च्या सुमारास खेडगीकर निजामाच्या मुलखात आले, ते उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या हिप्परगा गावी. आज हे गाव लोहारा तालुक्यात येतं. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, इथे एक राष्ट्रीय शाळा निघाली होती. खेडगीकर तिचे मुख्याध्यापक झाले.

खेड्यातल्या एका शाळेचं एवढं काय महत्त्व, असा प्रश्न पडू शकतो. त्यासाठी तेव्हाचं हैदराबाद संस्थान समजून घ्यावं लागेल.

सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं हे देशातल्या सर्वात मोठ्या संस्थानांपैकी एक. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास. त्यातले साधारण निम्मे तेलुगू बोलणारे, पाव मराठी बोलणारे, बाकीचे कानडी आणि उर्दू भाषक. मराठी मुलूख म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे. राज्यकारभार मात्र उर्दूत. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. कोर्टातला कागद, तहसीलमधला अर्ज, शाळेतलं पुस्तक यातलं काहीही गावच्या कुणब्याला वाचता येत नसे. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे.

त्यामुळे मराठीतून शिकवणारी शाळा हीच त्या मुलखात मोठी गोष्ट होती. वर्गातला मुलगा आपल्या भाषेत विचार करायला शिकला, की तो पुढे प्रश्न विचारणार, हे शाळा चालवणाऱ्यांना कळत होतं आणि सरकारलाही.

याच काळात खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामी विवेकानंद आणि स्वामी रामतीर्थ यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. संन्यास घेतला म्हणून ते मठात गेले नाहीत. अंगावर भगवी वस्त्रं आली, शाळा तशीच सुरू राहिली. १९३५ मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीला लागले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. मराठवाड्याच्या लढ्यातले कितीतरी कार्यकर्ते हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन शाळांच्या अंगणातून आलेले आहेत.

सभा घ्यायची तर राज्याबाहेर!

आता वळू परिषदेकडे. हैदराबाद संस्थानात राजकीय सभा घेणं जवळजवळ अशक्य होतं. ५३ क्रमांकाची गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, प्रसिद्धच होती. तिच्यानुसार परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. परवानगी द्यायची की नाही, हे अर्थातच सरकारी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर.

मग लोक काय करत? संस्थानाच्या हद्दीबाहेर जात. हैदराबाद संस्थानच्या प्रजेच्या राजकीय परिषदा भरल्या त्या काकीनाड्याला १९२३ मध्ये, मुंबईला १९२६ मध्ये, पुण्याला १९२८ मध्ये आणि अकोल्याला १९३१ मध्ये. चारही ठिकाणं ब्रिटिश हद्दीतली. आपल्या घरचं गाऱ्हाणं मांडायला शेजाऱ्याच्या ओसरीवर बसावं लागावं, तशी ही गत होती. या परिषदांना जाणार कोण? ज्याला प्रवासाचा खर्च परवडतो, इंग्रजी-उर्दू येतं आणि सरकारदरबारी थोडी ओळख आहे तो. म्हणजे प्रामुख्याने वकील.

हैदराबाद संस्थानातल्या सार्वजनिक जीवनाची पहिली फळी वकिलांचीच होती. यात नवल नाही. कायदा त्यांना कळत होता, उदरनिर्वाहासाठी सरकारी नोकरीवर ते अवलंबून नव्हते आणि चार लोक त्यांच्या शब्दाला मान देत. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी शिक्षणसंस्था, ग्रंथालयं आणि समाजसुधारणेचं मोठं काम उभं केलं. पण या पिढीची पद्धत अर्ज, निवेदन आणि शिष्टमंडळ ही होती.

तेलंगणात आंध्र महासभा १९३० पासून अधिवेशनं भरवत होती, तीही संस्थानाच्या हद्दीत. भाषा, शिक्षण, शेतकऱ्यांच्या अडचणी असे विषय घेतले तर थोडी वाट मिळते, हे त्यातून दिसलं होतं. मराठी मुलखाने तीच वाट धरली आणि १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. अध्यक्ष होते गोविंदराव नानल.

परतूरच का लक्षात ठेवायचं?

परतूर त्या वेळी लहानसं गाव. पण मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० पासून या गावावरून जात होता. औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, नांदेड, उमरी ही सगळी या एकाच मार्गावरची स्टेशनं. कापसाची पेठ म्हणून वाढलेल्या जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या माणसाला एका गाडीने परतूरला उतरता येत होतं. पुढची अधिवेशनं कुठे झाली ते पाहिलं तर हे लक्षात येतं. परतूर, उमरी, औरंगाबाद आणि सेलू ही चार अधिवेशनं याच मार्गावर झाली. लातूरला दोन झाली, तिथे बार्शी लाइट रेल्वे जात होती.

परतूरचं खरं महत्त्व असं की मराठी माणसाने आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत, आपल्या मुलखात, उघड्यावर मांडलं. मागण्या आजच्या मानाने साध्याच होत्या. मातृभाषेतून शिक्षण मिळावं, सभा आणि भाषणाचं स्वातंत्र्य असावं, कारभारात लोकांना काही स्थान असावं. पण मागणी मांडणाऱ्यांमध्ये दोन मतं होती. एका गटाला वाटे की सरकारला न दुखावता, सनदशीर मार्गाने, हळूहळू सुधारणा मिळवाव्यात. दुसऱ्या गटाला वाटे की जबाबदार राज्यपद्धतीची मागणी थेट केली पाहिजे आणि ती करायची तर आधी लोकांपर्यंत गेलं पाहिजे.

पहिला गट मवाळ, दुसरा जहाल. मवाळांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांची बाजूही समजण्यासारखी होती. संघटनेवर बंदी आली तर जे थोडं काम चाललं आहे तेही बुडेल, शाळा बंद पडतील, गावचे कार्यकर्ते उघड्यावर पडतील, ही भीती खोटी नव्हती. पुढे बंदी खरोखर आलीच.

सरचिटणीस म्हणजे कोण?

१९३८ मध्ये परिषदेचं दुसरं अधिवेशन लातूरला झालं. याच सुमारास स्वामीजी शाळेतून बाहेर पडून पूर्ण वेळ सार्वजनिक कामात आले आणि परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

अशा परिषदांत अध्यक्ष हा मानाचा माणूस असतो. अधिवेशनापुरता तो सगळ्यांच्या नजरेत असतो. वर्षभर संघटना चालवतो तो सरचिटणीस. पत्रव्यवहार त्याचा, दौरे त्याचे, शाखा त्याने काढायच्या, ठरावांचा पाठपुरावा त्याने करायचा. हे पद वकिली सांभाळून करता येतं, पण मग संघटना कोर्टाच्या सुटीपुरतीच चालते. स्वामीजींना ना घर होतं, ना पक्षकार, ना पगार. त्यामुळे हे पद त्यांच्यासाठी फावल्या वेळचं काम नव्हतं, तेच त्यांचं काम होतं.

कामगार संघटनेत काढलेले दिवस आणि शाळेत घडवलेले विद्यार्थी, या दोन गोष्टी इथे उपयोगी पडल्या असणार, हे उघड आहे. परिषदेत शिक्षक, विद्यार्थी आणि तरुण कार्यकर्त्यांची संख्या वाढत गेली. औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ हेही शिक्षकच. ते डाव्या विचारांचे, स्वामीजी गांधींना मानणारे. दोघांची वैचारिक घडण वेगळी. तरीही पुढची अनेक वर्षं दोघांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं. आ. कृ. वाघमारे, अनंत भालेराव, दिगंबरराव बिंदू असे कितीतरी जण या जाळ्यात आले.

नावावरूनच बंदी

१९३८ हे वर्ष धामधुमीचं ठरलं. महाराष्ट्र, आंध्र आणि कर्नाटक या तिन्ही भागांतल्या कार्यकर्त्यांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरवलं. पण ती रीतसर स्थापन होण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. कारण दिलं ते असं, की ही संघटना जातीय आहे आणि बाहेरच्या शक्तींशी बांधलेली आहे. नाव बदला, मग बघू, अशीही बोलणी झाली. ती निष्फळ ठरली.

२४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे प्रमुख होते गोविंदराव नानल, परतूरच्या परिषदेचे तेच अध्यक्ष. म्हणजे ज्याने वर्षभरापूर्वी परवानगी घेऊन भरलेल्या सभेचं अध्यक्षपद भूषवलं, तो आता बंदी मोडून तुरुंगात जात होता. तीन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, स्वामीजींनी सत्याग्रह केला. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही वेगळे सत्याग्रह सुरू होते. सरकारला तिन्ही एकच दाखवायचे होते, म्हणजे बंदीचं कारण खरं ठरलं असतं. आपला लढा धर्माविरुद्ध नाही, राज्यपद्धतीविरुद्ध आहे, हे स्पष्ट राहावं म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह थांबवला. अनेक कार्यकर्त्यांना हे पटलं नाही. माणसं तुरुंगात असताना लढा थांबवणं जिवावर येतं. पण पुढची दहा वर्षं या संघटनेला आपली भूमिका सांगता आली, त्याला हा निर्णयही कारणीभूत आहे.

स्टेट काँग्रेसवर बंदी असताना लोकांत उघडपणे वावरण्यासाठी उरली ती महाराष्ट्र परिषदच. तिचं महत्त्व त्यामुळे दुपटीने वाढलं. सप्टेंबर १९४० मध्ये स्वामीजींनी मोजक्या साथीदारांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा आत गेले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून परतताच परत अटक झाली, सुटका झाली ती १९४३ च्या अखेरीस.

१९३८ ते १९४३ या काळातला मोठा भाग सरचिटणीस तुरुंगात होते. तरीही १९४१ मध्ये उमरीला अधिवेशन झालं, १९४३ मध्ये औरंगाबादला झालं, पुढे सेलूला झालं, १९४६ मध्ये पुन्हा लातूरला झालं. संघटना एका माणसावर उभी आहे की नाही, हे तो माणूस नसतानाच कळतं. परिषद या परीक्षेत उतरली. दरम्यान तिच्यातलं मवाळांचं वर्चस्वही ओसरत गेलं आणि उमरीनंतर तरुण, जहाल कार्यकर्त्यांचा शब्द चालू लागला.

अध्यक्षपद आणि अटकसत्र

जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. तिन्ही भाषिक परिषदांनी तिच्यात सामील व्हायचं ठरलं. अध्यक्ष कोण, यावर निवडणूक झाली. एका बाजूला मवाळ गटाचे बी. रामकृष्ण राव, पेशाने वकील. दुसऱ्या बाजूला स्वामीजी. थोडक्या मतांनी स्वामीजी निवडून आले. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेला अर्जवाले की आंदोलनवाले हा वाद या मतदानात निकाली निघाला.

जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केलं, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. त्याच महिन्यात हैदराबाद शहरात स्टेट काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि संस्थानाने भारतात सामील व्हावं ही मागणी ठामपणे मांडली गेली. ७ ऑगस्ट हा भारतात सामील होण्याचा दिवस म्हणून संस्थानभर पाळला गेला. १५ ऑगस्टला देश स्वातंत्र्य साजरं करत असताना स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबर अखेरीस भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले.

बाहेर परिस्थिती हाताबाहेर चालली होती. कासीम रझवीच्या रझाकारांचा गावोगाव धुमाकूळ सुरू होता. हजारो कुटुंबं सीमेपलीकडे वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूरकडे निघाली. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने सीमेवर केंद्रं उघडली, दिगंबरराव बिंदू तिचे प्रमुख होते. या केंद्रांवरून सशस्त्र प्रतिकारही झाला. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली गेली, तो पैसा या लढ्यासाठी वापरला गेला आणि त्याचा हिशेब ठेवला गेला. अहिंसा मानणाऱ्या संन्याशाच्या संघटनेला शस्त्रं हाती घ्यावी लागली, ही विसंगती झाकण्याचं कारण नाही. वीस वर्षं शांततेने जे मागितलं ते मिळालं नाही आणि घरादारावर हल्ले सुरू झाले, तेव्हा संघटनेसमोर निवडीला फार जागा उरली नव्हती.

जालन्यानेही या लढ्याची किंमत मोजली. शहरातले कार्यकर्ते जनार्दनमामा नागापूरकर यांचा त्यात बळी गेला. आजचा मामा चौक त्यांचीच आठवण सांगतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. औरंगाबादनंतर जालना ताब्यात आलं. तिथे गोरखा पलटणीची एक तुकडी ठेवून बाकीचं सैन्य लातूर आणि मोमिनाबादकडे गेलं, म्हणजे ज्या गावात स्वामीजींनी शाळा चालवली त्याच गावाकडे. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

या विजयाला एक काळी बाजूही आहे. पोलीस कारवाईच्या धामधुमीत आणि त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिमांवर सूड उगवला गेला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना याची झळ सर्वात जास्त बसली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची पाहणी केली. लढा धर्माविरुद्ध नाही, हे सांगण्यासाठी ज्या संघटनेने १९३८ मध्ये ऐन भरातला सत्याग्रह थांबवला होता, तिच्याच मुलखात हे घडलं. संघटना जिथवर पोचली होती तिथवरच तिची शिकवण पोचली होती, हे यातून कळतं.

मंत्रिपद नाही, शाळा

स्वतंत्र हैदराबाद राज्यात १९५२ मध्ये निवडणूक झाली. मुख्यमंत्री झाले बी. रामकृष्ण राव, ज्यांना स्वामीजींनी १९४६ मध्ये हरवलं होतं तेच. स्वामीजी मंत्री झाले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून ते लोकसभेवर गेले. पण त्यांचं लक्ष राहिलं ते दोन गोष्टींवर.

पहिली म्हणजे भाषावार प्रांत. हैदराबाद राज्य आहे तसं टिकवावं, असं म्हणणारे पुष्कळ होते. राज्य टिकलं असतं तर त्याच्या सर्वात मोठ्या नेत्यांपैकी एक म्हणून स्वामीजींचं वजनही टिकलं असतं. तरीही त्यांनी तेलुगू, मराठी आणि कानडी भाग आपापल्या भाषेच्या राज्यात जावेत, हीच बाजू लावून धरली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपलं. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. परतूरला मातृभाषेच्या मागणीने सुरू झालेला प्रवास इथे तार्किक शेवटाला आला.

दुसरी गोष्ट शिक्षण आणि ग्रामोद्योग. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिच्यामागे स्वामीजी होते. तिचं पीपल्स कॉलेज हे मराठवाड्यातल्या सुरुवातीच्या महाविद्यालयांपैकी एक. खादीच्या कामातही ते शेवटपर्यंत होते. आज राष्ट्रध्वजासाठी खादी तयार करणारी नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही त्याच परंपरेतली. १९६७ मध्ये त्यांच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं.

२२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये स्वामीजींचं निधन झालं. बेगमपेठ भागात त्यांची समाधी आहे. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव स्वतःला त्यांचे शिष्य मानत.

आज काय उरलंय?

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामीजींचं नाव आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला त्यांच्या नावाने विद्यापीठ सुरू झालं. परतूर १ मे १९८१ पासून नव्याने झालेल्या जालना जिल्ह्यात आहे.

आज जिल्ह्या-जिल्ह्यात संघटना आहेत. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, समाजकार्य करणाऱ्यांच्या. बहुतेक ठिकाणी चर्चा होते ती अध्यक्ष कोण होणार याची. महाराष्ट्र परिषदेच्या सर्व अधिवेशनांचे अध्यक्ष कोण होते, हे आज मराठवाड्यातही फार थोड्यांना सांगता येईल. सरचिटणीसाचं नाव मात्र शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. यात पदाचा मोठेपणा नाही. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात, जेव्हा मंडप नसतो आणि टाळ्याही नसतात, तेव्हा कुणीतरी गावोगाव जाऊन काम करत राहिलं म्हणून परतूरचे ठराव कागदावर राहिले नाहीत.